क्यूआर कोड पुस्तकात, फोन बापाच्या खिशात

(एपिसोडचा लेखी मजकूर. ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी. बोलण्याची भाषा जशी होती तशीच ठेवली आहे, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत.)

बसमध्ये ऐकताय, जिममध्ये ऐकताय, की ऑफिसात काम करतोय असं दाखवत ऐकताय, मला माहीत नाही. पण पुढची वीस मिनिटं कान इकडे द्या.

मी सोलापूरचा. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. त्यामुळे घरी, नात्यात, गल्लीत मला एक प्रश्न ठरलेला असतो. "तू कॉम्प्युटरवाला ना बे, मग सांग, पोरांच्या हातात मोबाईल द्यायचा का नाही?" विचारणाऱ्या काकूला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. हो म्हटलं तर शेजारच्या आजी नाराज, नाही म्हटलं तर पोरगं नाराज.

आज या प्रश्नावरच बोलू. पण हो-नाहीच्या भानगडीत न पडता. कारण या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यात, एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शोधलं गेलंय. नाव तुम्ही ऐकलेलं असेल. गोष्ट मात्र बहुतेकांना अर्धीच माहीत असते.

परितेवाडी

३ डिसेंबर २०२०. कोरोनाचा काळ, म्हणून कार्यक्रम ऑनलाइन. लंडनहून अभिनेता स्टीफन फ्राय नाव जाहीर करतो: रणजितसिंह डिसले. परितेवाडीच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे शिक्षक, मूळचे बार्शीचे. ग्लोबल टीचर प्राइज. वार्की फाउंडेशन हा पुरस्कार युनेस्कोच्या सहकार्याने देतं. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे साधारण सात कोटी रुपये. १४० हून जास्त देशांतून १२ हजारांवर नामांकनं आली होती, त्यातून हे एक नाव.

त्या रात्री आपल्या सगळ्यांचे स्टेटस एकच होते. "सोलापूरचा डंका जगात." बरोबरच होतं. पण स्टेटस चोवीस तासांत जातो, आणि त्याबरोबर गोष्टही जाते. लोकांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच: सात कोटी आणि क्यूआर कोड.

डिसले सर २००९ मध्ये परितेवाडीला रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, शेजारी जनावरांचा गोठा. आणि आपल्या इंजिनिअर मंडळींसाठी एक गंमत: त्यांनाही आधी आयटी इंजिनिअरच व्हायचं होतं. ते काही जमलं नाही, मग वडिलांच्या सांगण्यावरून शिक्षक व्हायचं प्रशिक्षण घेतलं. म्हणजे आयटीने एक माणूस गमावला आणि पहिली ते चौथीच्या पोरांना तो मिळाला. सौदा वाईट नाही.

त्यांनी केलं काय, तर पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. कोड स्कॅन केला की त्या धड्याशी जोडलेली कविता ऐकू येणार, व्हिडिओ दिसणार, गोष्ट मिळणार, स्वाध्याय मिळणार. असे कोड वापरणारी ही महाराष्ट्रातली पहिली शाळा. पुढे २०१७ मध्ये राज्याने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत कोड आणायचं ठरवलं आणि २०१८ मध्ये केंद्रातले तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांतही कोड येणार असं जाहीर केलं. माढ्यातल्या एका वाडीतून निघालेली गोष्ट दिल्लीपर्यंत गेली.

आता इथे जरा थांबू. कारण मला इंजिनिअर म्हणून विचारायचंय की या सगळ्यात क्यूआर कोडचं काम नेमकं किती?

चौकोनात काय असतं?

क्यूआर कोड शाळेसाठी बनलाच नव्हता. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा आणि त्यांच्या सोबत्यांनी तो बनवला. मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांची नोंद ठेवायला. साधा बारकोड एका ओळीत थोडीच माहिती ठेवतो, म्हणून एका खोक्यावर दहा-दहा बारकोड लावायची वेळ यायची. त्यावर उपाय म्हणून हा आडवा-उभा चौकोन. कंपनीकडे पेटंट होतं, पण वापरणाऱ्यांकडून तिने पैसे मागितले नाहीत. म्हणून तो आज चहाच्या टपरीवरही आहे आणि देवळातल्या दानपेटीवरही.

त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन दिसतात ना, ते कॅमेऱ्याला सांगतात की वर कुठे, खाली कुठे. म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी चालतं. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्यात चूक दुरुस्त करायची सोय असते. माहिती अशा रीतीने भरलेली असते की थोडा भाग खराब झाला तरी उरलेल्या भागातून गणिताने ती परत काढता येते. याच्या चार पातळ्या आहेत. सगळ्यात वरच्या पातळीला कोडचा जवळपास ३० टक्के भाग गेला तरी चालतं. आता दुसरीतल्या पोराचं पुस्तक डोळ्यांसमोर आणा. कोपरे दुमडलेले, पेनाने मिशा काढलेल्या, एका पानावर भाजीचं तेल. कारखान्यातल्या ग्रीससाठी केलेली सोय इथे वरणाच्या डागाला कामी येते.

पण आत असतं काय? बहुतेक लोकांना वाटतं व्हिडिओ त्या चौकोनात आहे. त्यात फक्त काही अक्षरं असतात, एक पत्ता. पत्र नव्हे, पाकिटावरचा पत्ता. त्या पत्त्यावर कोणी राहत असेल तरच उपयोग. घर रिकामं असेल, किंवा तिथे भलताच माणूस राहत असेल, तर पत्ता कितीही सुबक छापा.

तर शाळेतल्या तंत्रज्ञानाबद्दल माझा पहिला मुद्दा हा आहे. कोड छापणं हे सगळ्यात सोपं काम. पत्त्यावर कोण बसलंय, हे सगळ्यात अवघड. परितेवाडीत त्या पत्त्यावर शिक्षक बसलेला होता. आपल्या वर्गात कोण कुठे अडतं हे माहीत असलेला.

पहिलीचं पोर विचारात घ्या. त्याला अजून नीट वाचता येत नाही. संध्याकाळी घरी कविता कोण म्हणून दाखवणार? आई रानातून थकून आलेली, स्वयंपाकात. बाप शिकलेला असेल नसेल. पुस्तक दप्तरात आहे, पण त्या पोरासाठी ते संध्याकाळी मुकं असतं. कविता ऐकू आली, की पुस्तकाला तोंड फुटलं. ही अडचण आधी, तंत्रज्ञान नंतर. उलट्या क्रमाने गेलं की काय होतं, तेही आपण पाहिलेलंय: आधी टॅब येतात, मग त्यांचं उद्घाटन होतं, मग फोटो, आणि मग कपाटाची किल्ली सापडत नाही.

गड्डा आणि वाण्याचं दुकान

दुसरा मुद्दा. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपण 'मोबाईल' असा एकच शब्द वापरतो. पण मुलाच्या बाजूने बघितलं तर मोबाईलमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सोलापूरकरांना पटकन कळेल असं सांगतो. आई पोराला दहा रुपये देते आणि म्हणते, कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी घेऊन ये. पोरगं जातं, आणतं, परत येतं. ही एक गोष्ट. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा भरतो, तिथे त्याच पोराला एकटं सोडायचं, ही दुसरी गोष्ट. पाळणे, मौत का कुआँ, भजी, फुगे, खेळणी. तिथून ते स्वतःहून परत येणार नाही. पोर वाईट आहे म्हणून नाही, गड्डा असतोच त्यासाठी.

पुस्तकातला कोड म्हणजे काडेपेटी आणायला पाठवणं. धडा क्रमांक सात, कविता, तीन मिनिटं, परत पुस्तकात. रील्स आणि शॉर्ट्स म्हणजे गड्डा. आणि हा गड्डा वर्षभर असतो, चोवीस तास, खिशात.

मी ज्या धंद्यात आहे, तिथे ही दुसरी गोष्ट कशी बनते ते आम्हाला चांगलं माहीत असतं. फीडला शेवट ठेवायचा नाही, हे कोणीतरी बसून ठरवतं. एक संपायच्या आत दुसरं सुरू व्हावं, हे कोणीतरी लिहितं. माणूस किती मिनिटं थांबला, हा आकडा बघून लोकांच्या बढत्या ठरतात. शिक्षकाचं नेमकं उलटं असतं. शिक्षकाला तास संपवायचा असतो. घंटा झाली, वही बंद, जा खेळायला. चांगल्या धड्याला शेवट असतो. फीडला नसतो.

त्यामुळे शिक्षणासाठी कोणतीही डिजिटल गोष्ट समोर आली की मी एकच प्रश्न विचारतो: हे मुलाला परत आणून सोडतं का? पुस्तकाकडे, वहीकडे, बाईंकडे, मित्राकडे. परत आणत असेल तर ते वर्गाचं आहे. आणत नसेल तर त्यावर 'एज्युकेशनल' असं कितीही मोठं लिहिलेलं असू दे.

आणि हा फरक नुसता तत्त्वाचा नाही. प्रथम संस्थेचा 'असर' अहवाल माहीत असेल तुम्हाला. ग्रामीण भारतातल्या घराघरांत जाऊन पाहणी करतात. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आणि ज्यांना येतो, त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात काहीतरी शिकण्यासाठी तो वापरला होता. सोशल मीडियासाठी वापरणारे किती? ७६ टक्के. म्हणजे फोन द्यायचा की नाही यावर आपण घरात वाद घालतोय, तोवर फोन पोहोचलाय. आता प्रश्न एवढाच, की तो गड्डा होणार की दुकान.

फोन कोणाचा?

त्याच अहवालातला अजून एक आकडा. फोन वापरता येणाऱ्या मुलांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के. मुली २७ टक्के. आपण जेव्हा म्हणतो "आता काय, सगळं ऑनलाइन मिळतं", तेव्हा हा फरक विसरतो. सगळं मिळतं, पण कोणाच्या फोनवर? किती वाजता? दादाचं क्रिकेट संपल्यावर?

प्राथमिकच्या मुलांचा तर प्रश्नच नाही, त्यांचा फोन म्हणजे घरातला फोन. आणि घरातला फोन म्हणजे बहुतेक वेळा बापाचा फोन. बाप सकाळी कामाला जातो, फोन त्याच्या खिशात जातो. संध्याकाळी येतो तेव्हा बॅटरी १२ टक्के. दिवसाचा डेटा संपलेला. आता स्कॅन करा कोड.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि हे सगळं एकदम उघडं पडलं. सगळीकडे 'ऑनलाइन क्लास' सुरू झाले, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. आपल्या शहरात मात्र एक उत्तर निघालं. नीलमनगर भाग तुम्हाला माहीत आहे. कामगारांची वस्ती, कापडाच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबं. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. अक्षरं, अंक, गणिताची सूत्रं, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या. गल्लीत चालता चालता मुलं वाचत, मास्क लावून, लांब लांब उभी राहून. देशभरच्या बातम्यांत हे आलं होतं.

ऐकायला हे परितेवाडीच्या उलट वाटतं ना? तिकडे क्यूआर कोड, इकडे डिस्टेंपर. पण मला ते एकाच जातीचं काम वाटतं. दोन्हीकडे शिक्षकाने आधी विचारलं: माझं पोर आत्ता कुठे आहे, आणि त्याच्या हाताशी काय आहे? एकाकडे उत्तर आलं, घरातला फोन. दुसऱ्याकडे उत्तर आलं, समोरची भिंत. भिंतीला चार्जिंग लागत नाही, रिचार्ज लागत नाही, आणि ती बापाबरोबर कामावर जात नाही. इंजिनिअर म्हणून सांगतो, ही फार चांगली सिस्टीम आहे. युजरकडे जे आहे त्यावर चालते.

आणि भाषेचंही तसंच. आपल्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, पलीकडे कन्नड, उर्दू. अक्कलकोटकडे गेलं की कन्नड अजून वाढते. घरात एक भाषा आणि पुस्तकात दुसरी, अशी किती पोरं असतील. त्यांना धडा समजावून सांगणारा आवाज घरच्या भाषेतला असेल तर अर्धा डोंगर चढून होतो. हे काम पुण्यातलं किंवा बंगळुरूचं कोणतंही ॲप आपल्या गल्लीसाठी करणार नाही. ते आपल्या गल्लीतलाच माणूस करू शकतो, दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये.

ग्रुपवरची शाळा

आता सोशल मीडिया वर्गात. आपल्याकडे याचा अर्थ ९० टक्के वेळा एकच: वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. हो ना? "इयत्ता तिसरी अ पालक". त्यात काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. गुड मॉर्निंग, वाढदिवसाचे केक, कोणाच्या तरी प्लॉटची जाहिरात, आणि मधे कुठेतरी बाईंनी टाकलेला अभ्यास, जो शोधायला वर जायचं, जायचं, जायचं.

पण हेच साधन चांगलं चालू शकतं. अगदी छोट्या तीन-चार गोष्टी आहेत, आणि ज्यांचे आई-बाबा किंवा ताई शिक्षक आहेत त्यांनी हा भाग त्यांना ऐकवा.

एक. ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सोय आहे. अभ्यासाचा ग्रुप तसा ठेवायचा. गप्पांसाठी पालकांचा दुसरा ग्रुप असू दे. बाजार आणि वर्ग एका खोलीत भरत नाहीत.

दोन. लिंकपेक्षा आवाज बरा. कविता बाईंनी स्वतः म्हटलेली, एक मिनिटाची व्हॉइस नोट. साइज अगदी कमी, जुन्या फोनवर चालते, एकदा उतरली की नेट नसलं तरी ऐकता येते. आणि त्यानंतर 'पुढचा व्हिडिओ' आपोआप सुरू होत नाही. यूट्यूबची लिंक दिली, की पोराला दुकानात पाठवलं पण रस्ता गड्ड्यातून दिला, असं होतं. शिवाय ओळखीच्या आवाजाचं मोल वेगळं. 'आपल्या बाई बोलतायत' म्हणून पोरगं ऐकतं.

तीन. वेळ. बाप घरी येतो त्या वेळी मेसेज पोहोचावा. दुपारी बारा वाजता टाकलेला अभ्यास संध्याकाळपर्यंत शंभर फॉरवर्डच्या खाली गेलेला असतो.

चार, आणि हे जरा गंभीर आहे. मुलांचे फोटो, मार्क, रडण्याचे व्हिडिओ ग्रुपवर आणि स्टेटसवर टाकू नयेत. पहिल्या नंबरच्या पोराचं कौतुक करताना शेवटच्या नंबरच्या पोराची यादी सगळ्या गावात फिरते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं म्हटलंय. पण कायदा बाजूला ठेवा. ते पोर उद्या विशीत येईल, तेव्हा त्याला हे आवडेल का, एवढा प्रश्न पुरे. तुमचा तिसरीतला रडका व्हिडिओ आज कोणी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तर? बस्स.

आणि सोशल मीडियातलं 'सोशल' जरा खरंच वापरायचं असेल, तर पुन्हा डिसले सरांकडे यावं लागतं. त्यांचा एक उपक्रम होता, 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स'. ज्या देशांमध्ये वैर आहे किंवा होतं, अशा देशांतल्या मुलांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची. भारत आणि पाकिस्तान. इस्रायल आणि पॅलेस्टाईन. इराण आणि इराक. सहा आठवड्यांचा कार्यक्रम, प्रत्येकाला पलीकडच्या देशातला एक सोबती. बोला, एकमेकांना प्रश्न विचारा, काय सारखं आहे ते शोधा. तंत्रज्ञान काय लागतं याला? व्हिडिओ कॉल. तुमच्या-माझ्या फोनमध्ये तो आहे. आपण पाकिस्तानबद्दल कमेंटमध्ये काय लिहितो, आणि तीच वायर मुलांच्या हातात देऊन शिक्षक काय करवून घेतो, बघा. स्क्रीन तीच. एकीकडे माणूस दिसेनासा होतो, दुसरीकडे दिसायला लागतो.

लाँच आणि मेंटेनन्स

आता दुसरी बाजूही बोलायला हवी. नाहीतर हा एपिसोड म्हणजे नुसता हार घालण्याचा कार्यक्रम होईल.

एका शाळेत एका शिक्षकाने केलेली गोष्ट राज्यभर न्यायची, हे फार अवघड काम आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ठरलेली गोष्ट असते: लाँचला सगळे असतात, मेंटेनन्सला कोणी नसतं. लाँचच्या दिवशी केक. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता लिंक तुटते, तेव्हा एकटा पोरगा जागा. पुस्तकातल्या कोडचंही तसंच. छापलेला कोड बदलता येत नाही, तो कागदावर आहे, पाच वर्षं तसाच राहणार. पलीकडचा व्हिडिओ मात्र कोणीतरी सतत तपासायला हवा. धडा बदलला, व्हिडिओ जुना राहिला; आवाज ऐकू येत नाही; भाषा पुस्तकापेक्षा अवघड; अशा गोष्टी कोण बघणार? हे काम चमकत नाही. त्याचं उद्घाटन होत नाही.

आणि शिक्षकाचं काय? आज प्राथमिक शिक्षकाच्या फोनमध्ये किती ॲप असतात ते कधी विचारा. हजेरी इकडे भरा, आहार तिकडे भरा, फोटो काढून पाठवा, लिंक भरा, आजच्या आज भरा. ज्या हाताने कविता रेकॉर्ड करायची, तो हात माहिती भरण्यात गुंतलेला. वर्गात तंत्रज्ञान आलं असं आपण म्हणतो, तेव्हा ते शिकवण्याच्या बाजूने आलं की नोंदी मागण्याच्या बाजूने, हे बघितलं पाहिजे. २०२३ मध्ये युनेस्कोने शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर अख्खा जागतिक अहवाल काढला. त्याच्या नावातच प्रश्न होता: हे साधन कोणाच्या अटींवर? माझं उत्तर साधं आहे. शिक्षकाच्या अटींवर. तो ठरवेल की आज फोन काढायचा की आज पोरांना घेऊन ओढ्यावर जायचं. दोन्ही त्याच्या हातात असायला हवं.

डिसले सरांच्या गोष्टीतला जो अर्धा भाग लोक विसरतात, तो इथेच येतो. पुरस्कार मिळाला त्याच वेळी त्यांनी जाहीर केलं की बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटणार. प्रत्येकाला साधारण ५५ हजार डॉलर. इटली, ब्राझील, व्हिएतनाम, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका असे देश होते त्यांचे. बातमीत हे 'दिलदारपणा' म्हणून आलं, आणि तो आहेच. मला त्यात अजून एक गोष्ट दिसते. एक कोड, एक ॲप, एक हिरो यावर शिक्षण चालत नाही, शिक्षक पुष्कळ लागतात, हे त्या माणसाने स्वतःच्या पैशाने सांगितलं.

आज रात्रीचा गृहपाठ

तर काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. फोन द्यायचा का नाही? कामासाठी द्या, कामाला शेवट ठेवा, आणि शेजारी बसा. तीन गोष्टी. तिसरी सगळ्यात महाग आहे, कारण तिला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

आणि हा पॉडकास्ट ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण काका-काकू नाहीत. आपण विशीतले आहोत. घरातला सगळ्यात चांगला फोन आपल्याकडे आहे. सगळ्यात जास्त डेटा आपल्याकडे. कोणता गड्डा आणि कोणतं दुकान, हेही आपल्याला आई-बाबांपेक्षा चांगलं कळतं, कारण आपण स्वतः रोज रात्री गड्ड्यात हरवतो.

म्हणून आज घरी गेल्यावर एक करा. घरात, शेजारी, नात्यात जे कोणी शाळेत जाणारं पोर असेल, त्याचं पाठ्यपुस्तक मागा. बघायला म्हणून. त्यात कोड शोधा. दीक्षा ॲप उतरवा, स्कॅन करा. स्कॅन झालं नाही तर बहुतेक पुस्तकांत कोडखाली सहा अक्षरं छापलेली असतात, ती टाइप करा. काय उघडतं ते त्या पोराबरोबर बसून बघा. चांगलं असेल तर डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेट नसताना त्याला बघता येईल. आणि काही उघडलंच नाही, किंवा उघडून त्याला कळलं नाही, तर त्या धड्याची कविता किंवा गोष्ट तुमच्या आवाजात, तुमच्या घरच्या भाषेत रेकॉर्ड करा. तेलुगूत करा, कन्नडात करा, आपल्या सोलापुरी मराठीत करा. दोन मिनिटं. बापाच्या फोनवर पाठवा, रात्री आठनंतर.

त्या पोरासाठी पाकिटावरच्या पत्त्यावर आता कोणीतरी राहतंय, एवढं झालं तरी पुष्कळ.

कोणतं पुस्तक होतं, काय उघडलं, काय नाही उघडलं, ते मला व्हॉइस नोटने कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये निवडक ऐकवीन. फक्त पोराचं नाव आणि फोटो पाठवू नका, आत्ताच काय बोललो आपण!

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. आता फोन खाली ठेवा.